पांडुरंग सदाशिव खानखोजे

पांडुरंग सदाशिव खानखोजे (जन्म : वर्धा, १८८४; मृत्यू : नागपूर, जानेवारी १९६७) हे भारतीय क्रांतिकारक, गदर पक्षाच्या संस्थापक सदस्यांपैकी एक आणि कृषिशास्त्रज्ञ होते. आयुष्याची सुमारे तीस वर्षे त्यांनी मेक्सिकोत काढली. तेथील चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात त्यांनी अध्यापन व संशोधन केले आणि नव्यानेच जमीन मिळालेल्या गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा उभारल्या. महाराष्ट्रात त्यांचे नाव बहुधा परदेशस्थ क्रांतिकारकांच्या यादीत येते. मेक्सिकोत ते मका-गव्हाचे संशोधक आणि शेतकऱ्यांचे शिक्षक म्हणून घेतले जाते. दोन्ही ओळखी खऱ्या आहेत. मात्र त्यांतील एकच धरून लिहिलेले चरित्र अपुरे राहते, कारण बंदूक चालवण्याचे आणि बियाणे निवडण्याचे शिक्षण त्यांनी एकाच काळात, एकाच हेतूने घेतले होते.

पूर्वायुष्य

खानखोजे यांचे बालपण वर्ध्यात गेले आणि पुढील शालेय शिक्षण नागपूरला झाले. १८५७ च्या उठावाच्या आठवणी त्या काळी विदर्भातील घराघरांत जिवंत होत्या, आणि खानखोजे कुटुंबातील वडीलधाऱ्यांकडूनही त्या मुलाच्या कानी पडत. परिसर काळ्या कसदार जमिनीचा आणि कापसाचा. जवळच्या हिंगणघाटच्या कापसाचे नाव इंग्लंडमधील गिरण्यांपर्यंत पोचले होते. तरीही त्यांच्या शाळकरी वयात मध्य प्रांताने १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ सोसले. जमीन चांगली, पीक बाजारात खपणारे, आणि पिकवणारा उपाशी, हे चित्र त्यांना पुस्तकात वाचावे लागले नाही. पुढे परदेशात शिक्षणाचा विषय निवडताना त्यांनी शेतीच निवडली, याचे मूळ येथे शोधावे लागते.

तरुणपणी ते लोकमान्य टिळकांच्या विचारांनी भारावले. सशस्त्र लढ्याशिवाय इंग्रजी सत्ता हटणार नाही अशी त्यांची खात्री झाली आणि लष्करी शिक्षण मिळवण्यासाठी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच त्यांनी देश सोडला. प्रथम ते जपानला गेले. १९०५ मध्ये रशियावर मिळवलेल्या विजयामुळे जपान तेव्हा आशियातील तरुणांच्या आशेचे स्थान बनले होते. तेथे फार काळ न थांबता ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोचले.

अमेरिका आणि गदर पक्ष

अमेरिकेत पडेल ते काम करून त्यांनी शिक्षणाचा खर्च भागवला. कॅलिफोर्निया विद्यापीठ, ऑरेगन राज्याचे कॉर्व्हॅलिस येथील कृषिमहाविद्यालय आणि वॉशिंग्टन स्टेट कॉलेज अशा टप्प्यांनी त्यांचे कृषिशिक्षण झाले. त्याच सुमारास सॅन राफेल येथील माउंट टमालपायस लष्करी विद्यालयातही त्यांनी प्रशिक्षण घेतले.

किनाऱ्यावरील शेतांत आणि लाकूड कापण्याच्या गिरण्यांत तेव्हा पंजाबी मजूर मोठ्या संख्येने काम करीत. खानखोजे त्यांच्यात जाऊन राहत आणि स्वातंत्र्याविषयी बोलत. त्याच शेतांवर मेक्सिकन मजूरही राबत होते. मेक्सिकोत १९१० मध्ये पोर्फिरिओ दियास यांच्या दीर्घ हुकूमशाहीविरुद्ध क्रांती पेटली होती आणि तिचा गाभा जमिनीचा प्रश्न हा होता. आपल्या देशातील शेतकऱ्याची दशा आणि या मजुरांची दशा यांतील साम्य खानखोजे यांच्या ध्यानात आले. पुढे त्यांचे पाय मेक्सिकोकडे वळले, त्याची बीजे या ओळखींत आहेत.

१९१३ मध्ये ऑरेगन राज्यातील सभांमधून जी संघटना आकाराला आली, ती पुढे गदर पक्ष या नावाने प्रसिद्ध झाली. सोहनसिंग भकना, लाला हरदयाळ, पंडित काशीराम आणि तरुण कर्तारसिंग सराभा यांच्याबरोबर खानखोजे हे तिच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांत होते. लष्करी तयारीचे काम त्यांच्याकडे होते. पहिले महायुद्ध सुरू होताच गदरचे शेकडो कार्यकर्ते भारतात उठाव करण्यासाठी परतले. तो उठाव फसला. काशीराम यांना १९१५ च्या मार्च महिन्यात फाशी झाली. कर्तारसिंग आणि तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे यांना त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला लाहोरच्या तुरुंगात फाशी देण्यात आले.

खानखोजे यांच्या वाट्याला दुसरी वाट आली होती. प्रमथनाथ दत्त आणि आगाशे या सहकाऱ्यांसह ते तुर्कस्तानमार्गे इराणात उतरले. इराण व बलुचिस्तानमार्गे भारताच्या सीमेवर धडक मारावी, अशी योजना होती. दक्षिण इराणातील टोळ्यांमध्ये राहून त्यांनी ब्रिटिश फौजांशी सामना केला. या काळात ते जखमी झाले, पकडले गेले आणि निसटले. युद्ध संपले तेव्हा इंग्रजांच्या दृष्टीने ते फरारी गुन्हेगार होते. १९२१ मध्ये वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, भूपेंद्रनाथ दत्त यांच्यासह ते बर्लिनहून मॉस्कोला गेले. परंतु भारतीय क्रांतिकारकांतील मतभेदांमुळे तेथूनही फारसे काही हाती लागले नाही. चाळिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या या माणसाला परतायला देश नव्हता, आणि हाती उरले होते ते फक्त कृषिशास्त्र.

मेक्सिकोत आगमन

१९२४ मध्ये खानखोजे मेक्सिकोत आले. जुन्या मेक्सिकन मित्रांच्या साहाय्याने त्यांना चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात वनस्पतिशास्त्र आणि पिकांची पैदास हे विषय शिकवण्याचे काम मिळाले. १८५४ मध्ये स्थापन झालेले हे विद्यालय नुकतेच राजधानीच्या पूर्वेस टेश्कोकोजवळच्या एका जुन्या जमीनदारी वाड्यात हलवले होते. एके काळी जेथे जमीनदाराची सत्ता चाले, तेथेच आता जमीन कसणाऱ्यांसाठी शास्त्र शिकवले जाणार होते. वाड्यातील पूर्वीच्या प्रार्थनामंदिराच्या भिंतींवर विख्यात चित्रकार डिएगो रिव्हेरा यांनी १९२४ ते १९२७ या काळात भूमी आणि क्रांती या विषयांवर भित्तिचित्रे काढली. खानखोजे आणि रिव्हेरा यांची मैत्री याच वर्षांतली.

मेक्सिकोच्या १९१७ च्या राज्यघटनेतील २७ व्या कलमाने मोठ्या जमीनदाऱ्या मोडून गावांना जमीन देण्याचा मार्ग खुला केला होता. कायद्याने जमीन मिळाली तरी शेती आपोआप होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या मुकादमाच्या हुकमाने राबलेल्या माणसाला कोणते बी पेरावे, केव्हा पेरावे, उरलेले धान्य कोठे विकावे हे निर्णय स्वतः घेण्याची सवय उरली नव्हती. अवजारे नव्हती, बैल नव्हते, कर्ज देणारे कोणी नव्हते. कूळकायद्यानंतर महाराष्ट्रातील अनेक गावांनी जे अनुभवले, त्याच्याशी हे चित्र जुळणारे आहे.

तेथील शेतकरी अडाणी होता असा मात्र याचा अर्थ नव्हे. मेक्सिकोच्या खोऱ्यातील शेतीज्ञान कोणत्याही विद्यालयापेक्षा जुने आहे. राजधानीच्या दक्षिणेस सोचिमिल्को येथे सरोवराच्या उथळ पाण्यात गाळाचे थर रचून वाफे केले जात. या वाफ्यांना चिनाम्पा म्हणतात आणि त्यांवरच्या भाजीपाल्यावर शेकडो वर्षे शहराचे पोट भरत आले. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नृसिंहवाडीच्या परिसरात पूर ओसरल्यावर मळीच्या जमिनीत जी भाजी पिकते, तिची ही दूरची भावंडे म्हणता येतील. अशा जाणत्या लोकांना शिकवायचे तर वर्गातला फळा पुरेसा नव्हता.

मुक्त कृषिशाळा

चापिंगोच्या विद्यालयातून पदवीधर कृषितज्ज्ञ बाहेर पडत. ज्याच्या हातात नांगर होता तो त्या दारापर्यंत पोचत नसे. ही फट भरून काढण्यासाठी टेश्कोकोच्या परिसरातील गावांत मुक्त कृषिशाळा सुरू झाल्या. खानखोजे हे त्यांचे संचालक होते. शेतकरी समुदायांच्या संघटनेचे पाठबळ या शाळांना होते. मुक्त हा शब्द येथे शब्दशः घ्यावयाचा आहे. या शाळा शुल्काच्या किंवा पदवीच्या नव्हत्या, गावातल्या कष्टकऱ्यांच्या होत्या. ओकोपुल्को गावातील दुसऱ्या क्रमांकाच्या शाळेला एमिलियानो झापाता यांचे नाव देण्यात आले होते. जमिनीसाठी लढलेले आणि १९१९ मध्ये मारले गेलेले झापाता हे त्या शेतकऱ्यांच्या दृष्टीने दैवतच होते. १९२८ मधील या शाळेची छायाचित्रे उपलब्ध आहेत.

या शाळांचे महत्त्व कळण्यासाठी मका हे पीक समजून घ्यावे लागते. मेक्सिकोत मका म्हणजे अन्न. चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटलेल्या मक्याची तोर्तिया ही तिकडची भाकरी होय. मक्याच्या ताटाला शेंड्यावर तुरा येतो आणि मधल्या पेरावर कणीस धरते. तुऱ्यातील परागकण वाऱ्यावर उडून कणसाच्या केसरांवर पडतात, तेव्हा दाणा भरतो. गव्हाचे तसे नाही. गहू बहुतांशी स्वतःच्याच परागावर दाणे धरतो, म्हणून एखाद्या शेतकऱ्याने गव्हाचे चांगले बी निवडून जपले तर ते पुष्कळ वर्षे तसेच राहते. मक्यात शेजाऱ्याच्या रानातला पराग आपल्या कणसावर येऊन बसतो. एकट्या शेतकऱ्याने कितीही काळजीने बियाणे निवडले, तरी भोवतालच्या शेतांत हलके वाण असेल तर दोन-तीन हंगामांत त्याची निवड वाया जाते.

म्हणजेच मक्याची सुधारणा ही एका माणसाची होऊच शकत नाही; ती साऱ्या गावाची करावी लागते. सर्वांनी मिळून वाण ठरवणे, पेरणीचा काळ जुळवणे, बियाण्यासाठीचा तुकडा इतर शेतांपासून दूर ठेवणे, नको त्या ताटांचे तुरे वेळीच खुडणे ही कामे गावाच्या संमतीशिवाय होत नाहीत. प्रयोगशाळेत तयार झालेले उत्तम वाण गावकऱ्यांना त्यामागचे कारण न सांगता वाटले, तर ते टिकत नाही. खानखोजे यांनी प्रयोगशाळेबरोबरच गावातल्या शाळेला इतके महत्त्व का दिले, याचे उत्तर या पिकाच्या स्वभावातही आहे. क्रांतिकारक म्हणून त्यांना संघटना बांधणे ठाऊक होते. मका हे संघटनेवाचून न सुधारणारे पीक निघाले.

संशोधन

चापिंगोची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २,२५० मीटर आहे. पाऊस बेभरवशाचा आणि हिवाळ्याच्या तोंडावर पडणारे दव गोठून पिके करपतात. शेतकऱ्याला विक्रमी उत्पन्न देणाऱ्या वाणापेक्षा वाईट वर्षातही काही तरी पदरात टाकणारे वाण हवे होते. थंडी व अवर्षण सोसणारी वाणे शोधणे हा खानखोजे यांच्या कामाचा मुख्य भाग होता. मका व गव्हाखेरीज कडधान्ये आणि रबर यांवरही त्यांनी काम केले.

मक्याचा रानटी नातलग टेओसिंटे हा मेक्सिकोतच आढळतो. त्याचे दाणे लहान व टणक, पण झाड काटक. मका व टेओसिंटे यांच्या संकरावर खानखोजे यांनी प्रयोग केले. एका ताटावर अनेक कणसे धरणारा मका मिळवणे हा त्यांच्या प्रयोगांचा एक उद्देश होता. त्यांनी अभ्यासलेला आणखी एक विलक्षण प्रकार म्हणजे ग्रानादा मका. ग्रानादा म्हणजे स्पॅनिश भाषेत डाळिंब. या मक्याच्या कणसाला बोटांसारखे फाटे फुटतात आणि दाण्यांनी भरलेले ते कणीस पाहता नाव सार्थ वाटते. या वाणाची उत्पत्ती व लागवड यांवर त्यांनी स्पॅनिशमध्ये स्वतंत्र प्रबंध प्रसिद्ध केला.

हरितक्रांतीचे श्रेय काही मराठी लेखांत थेट खानखोजे यांना दिलेले आढळते. हा अतिउत्साह आहे. मेक्सिकोतील ज्या गहू-कार्यक्रमातून बुटकी व भरघोस उत्पन्न देणारी वाणे निघाली, तो रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने १९४३ मध्ये सुरू झाला आणि १९४४ मध्ये नॉर्मन बोरलॉग त्यात दाखल झाले. ती वाणे बोरलॉग व त्यांच्या सहकाऱ्यांची होत. खानखोजे त्या आधीच्या पिढीचे. मेक्सिकोत पीकसुधारणेचे शिक्षण रुजवण्याच्या कामात त्यांचा वाटा होता, इतके निश्चित म्हणता येते, आणि तेवढे पुष्कळ आहे. दोन्ही कामांत दृष्टीचा फरकही होता. नव्या वाणांना खत व पाणी भरपूर लागे. खानखोजे ज्यांच्यासाठी काम करीत होते त्यांच्याकडे ही दोन्ही नव्हती.

रिव्हेरा आणि मोदोत्ती

इटालियन छायाचित्रकार टीना मोदोत्ती या त्या वर्षांत मेक्सिकोत काम करीत होत्या. त्यांनी मुक्त कृषिशाळांची, तेथे जमलेल्या शेतकऱ्यांची आणि खानखोजे यांच्या मक्याच्या कणसांची छायाचित्रे घेतली. १९३० च्या आरंभी मोदोत्ती यांना मेक्सिकोतून हद्दपार करण्यात आले. त्या शाळा कशा दिसत याची आज जी कल्पना येते, ती मुख्यतः या छायाचित्रांमुळे.

रिव्हेरा यांनी मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत काढलेल्या चित्रमालेत १९२८ चे एक चित्र आहे. त्यात कष्टकरी स्त्री-पुरुष व मुले एका मेजाभोवती बसली असून मध्यभागी एक पुरुष भाकर मोडून वाटतो आहे. आमची भाकर अशा अर्थाचे नाव असलेल्या या चित्रातील त्या पुरुषाला खानखोजे यांचा चेहरा दिला आहे. वर्ध्याच्या मातीतला माणूस परक्या देशाच्या सरकारी भिंतीवर अन्नदाता म्हणून चितारला जावा, ही गोष्ट त्यांच्या हयातीत मायदेशात फारच थोड्यांना माहीत होती.

कौटुंबिक जीवन

१९३६ मध्ये खानखोजे यांनी मूळच्या बेल्जियमच्या जान अलेक्झांड्रिन सिंदिक यांच्याशी विवाह केला. त्यांना दोन कन्या झाल्या. मेक्सिकोने त्यांना नागरिकत्व दिले होते. संशोधक म्हणून मान मिळाला, तरी भारतात परतण्याची इच्छा त्यांनी सोडली नव्हती. ब्रिटिश सत्ता असेपर्यंत मात्र भारतात पाऊल टाकणे म्हणजे अटक ओढवून घेणे होते.

भारतात पुनरागमन

१९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला. खानखोजे यांनी परतण्यासाठी परवाना मागितला, तेव्हा तो प्रथम नाकारला गेला. ब्रिटिश सरकारने तयार केलेल्या काळ्या यादीत त्यांचे नाव होते आणि ती यादी स्वतंत्र भारताच्या दप्तरात तशीच पुढे चालत आली होती. ज्या कारणासाठी त्यांना वंदन व्हायला हवे होते, त्याच कारणासाठी त्यांना दाराबाहेर उभे राहावे लागले. अखेर अडथळा दूर झाला आणि मध्य प्रांताच्या शासनाच्या निमंत्रणावरून १९४९ मध्ये ते शेतीविषयक सल्ला देण्यासाठी भारतात आले. चार दशकांहून अधिक काळानंतर त्यांनी नागपूर पाहिले.

या भेटीनंतर ते मेक्सिकोला परतले आणि पुढे १९५५ च्या सुमारास सहकुटुंब कायमचे नागपूरला येऊन राहिले. वय सत्तरीकडे झुकलेले होते. मेक्सिकोत जे काम त्यांनी तरुण वयात, शासनाच्या पाठिंब्याने उभारले होते, तसे काम येथे उभे राहिले नाही. त्यांचा अनुभव अल्पभूधारकांना गावात जाऊन शिकवण्याचा होता. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात, १९५२ मध्ये सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला असता, अशा अनुभवाची देशाला गरज होती. तरीही त्याचा पुरेसा उपयोग करून घेतला गेला नाही, असेच म्हणावे लागते. त्यांच्या वास्तव्याच्या काळातच नागपूर १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले.

१९६६ मध्ये भारत सरकारने मेक्सिकोहून लेर्मा रोहो ६४ या गव्हाचे सुमारे १८,००० टन बियाणे आयात केले आणि त्या रब्बी हंगामात ते उत्तर भारतातील शेतांत पेरले गेले. ते पीक शेतात उभे असतानाच, जानेवारी १९६७ मध्ये, खानखोजे यांचे नागपूर येथे निधन झाले.

चरित्रसाधने आणि स्मृती

खानखोजे यांच्या कन्या सावित्री साहनी यांनी इंग्रजीत लिहिलेले 'आय शॅल नेव्हर आस्क फॉर पार्डन' हे वडिलांचे चरित्र त्यांच्यावरील सर्वांत विस्तृत साधन आहे. गदर चळवळीच्या इतिहासग्रंथांत आणि मोदोत्ती यांच्या छायाचित्रांवरील अभ्यासांतही त्यांचे उल्लेख येतात. त्यांचे स्पॅनिशमधील कृषिविषयक लेखन मराठीत आलेले नाही.

२०२२ मध्ये लोकसभेचे तत्कालीन अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या मेक्सिको दौऱ्यात चापिंगो येथे खानखोजे यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. राष्ट्रीय कृषिविद्यालयाचे रूपांतर आता चापिंगो स्वायत्त विद्यापीठात झाले असून तेथील जुन्या प्रार्थनामंदिरातील रिव्हेरा यांची भित्तिचित्रे आजही पाहावयास मिळतात.